किती दिवस, ते कायद्यात लिहा

२०२५च्या जुलैत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. तेव्हापासून नाशिकच्या माझ्या मावसभावाशी फोनवर एकच वाद चालू आहे. अजामीनपात्र गुन्हे, सात वर्षांपर्यंतची शिक्षा, ‘बेकायदेशीर कृत्या’ची सैल व्याख्या, असं मी काही काढलं की दादाचं उत्तर ठरलेलं असतं: ‘ज्यानं काही केलं नाही त्यानं कशाला घाबरायचं? सुटेलच की.’ आणि मग, ‘तू लंडनमध्ये बसून बोलतेस, तुमच्याकडे सगळं आलबेल.’

आलबेल नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या संशयितालाही आरोप न ठेवता १४ दिवसांपेक्षा जास्त अडकवता येत नाही. तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना ९० दिवस हवे होते. २००५ साली संसदेने त्यांना नकार दिला. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, परदेशी संशयितांना खटल्याविना बेमुदत डांबणं मानवी हक्कांत बसत नाही, असं आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं होतं. पण ज्याच्यावर दहशतवादाचा संशयसुद्धा नाही, फक्त व्हिसा संपलेला आहे, अशा माणसाच्या स्थानबद्धतेला आजही कायद्याने कमाल मुदत नाही. गरोदर बायकांसाठी २०१६ साली ती घातली, ७२ तासांची. म्हणजे मनात आणलं तर मुदत घालता येते.

अशा लोकांना ठेवतात त्या एका स्थानबद्धता केंद्रात मी भेटीला जाते. तिथे एक पंजाबी मुलगा होता. आत कॅमेऱ्याचा फोन ठेवू देत नाहीत, साधा फोन मिळतो. आईला त्याने सांगितलं होतं की फोनचा कॅमेरा बिघडलाय आणि कामाची पाळी रात्रीची आहे. आई दर वेळी विचारायची, दुरुस्त का करून घेत नाहीस. पिशवी भरून तो पलंगाखाली ठेवायचा, कारण विमानात बसवतील की बाहेर सोडतील आणि कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. शिक्षा झालेला कैदी उरलेले दिवस मोजतो. याच्याकडे मोजायला फक्त गेलेले दिवस होते. काही महिन्यांनी तो सुटला, पण रात्री दाराचा आवाज झाला की आजही उठून बसतो, असं त्याने मला सांगितलं.

दादा, आता आपल्याकडे बघ. देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा शाबित व्हायचा आहे. युएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली दोषारोपपत्रालाच १८० दिवस मिळू शकतात, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना एल्गार परिषद प्रकरणात याच कायद्याखाली ऑक्टोबर २०२०मध्ये रांचीतून उचललं, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता. नळीच्या कपासाठी तळोजा तुरुंगातून न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले. पाणी पिण्याच्या कपासाठी वीस दिवस! पुढच्या मे महिन्यात त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितलं की मी आलो तेव्हा स्वतःच्या हाताने जेवत होतो, चालत होतो, लिहीत होतो, आता ते हळूहळू गेलं. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची सुनावणी चालू असतानाच त्यांच्या मृत्यूची बातमी न्यायालयात सांगण्यात आली. ते दोषी होते की नव्हते, हे आता कुठलंच न्यायालय ठरवू शकत नाही. त्याच प्रकरणात रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जानेवारी २०२५मध्ये जामीन मिळाला, साडेसहा वर्षांनी. तोवर आरोपनिश्चितीही, म्हणजे खटला कोणत्या आरोपांवर चालवायचा हे न्यायालयाने ठरवण्याची पायरीही, झाली नव्हती.

तू म्हणशील, हे तुझ्या बाजूचे लोक. मग मालेगाव घे. २००६च्या स्फोटांत नऊ मुसलमान पकडले गेले. बहुतेकांना जामीन पाच वर्षांनी मिळाला आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. २००८च्या स्फोटात लष्करातले कर्नल पुरोहित जवळजवळ नऊ वर्षं आत होते, आरोपनिश्चिती व्हायला दहा वर्षं लागली, आणि जुलै २०२५मध्ये सगळे निर्दोष सुटले. तुझ्या व्हॉट्सॲपवर पुरोहितांची नऊ वर्षं येतात, माझ्यावर स्टॅन स्वामींचा कप. दोन्ही खरं आहे. आपण मात्र फक्त आपल्या माणसांची वर्षं मोजतो, ही मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट आहे.

‘सुटेलच की’ म्हणताना त्या वर्षांत घरी काय होतं, हे कुणी धरतच नाही. दर तारखेला कोर्टात जायला खाडा. मुलांची शाळा बदलायची, कारण वर्गात नाव घेतलं जातं. वकिलाच्या फीपायी दागिने मोडायचे. मुलाखतीच्या खिडकीत वीस मिनिटांत बायकोने काय काय बोलायचं? सुटल्यावर नोकरी कोण देतं? निकालपत्रात या वर्षांची भरपाई सहसा नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं की खटला फार लांबला तर युएपीएतही जामीन देता येतो. पण मग सगळं कुठल्या न्यायपीठासमोर प्रकरण येतं यावर राहतं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की जामिनाची तरतूद आहे, पण जन्मठेप किंवा फाशीचं कलम लागलं असेल तर ती लागू नाही. मला हवंय ते एवढंच: आरोपनिश्चिती अमुक महिन्यांत, खटला अमुक वर्षांत, नाही झाला तर जामीन आपोआप, कलम कुठलंही असो. आणि निर्दोष ठरलेल्याला सरकारने भरपाई द्यावी.

यात सुरक्षेचं नुकसान होईल असं तुला वाटतं. पण मालेगावात २००८ साली ज्यांची माणसं गेली, त्यांनी निकालासाठी जवळजवळ सतरा वर्षं वाट पाहिली आणि शेवटी दोषी कुणीच ठरला नाही. आरोपींना इतकी वर्षं आत ठेवल्याने त्या घरांना काय मिळालं, हे पुढच्या फोनवर मला सांग.