भोगीची भाजी आणि मॅडिसनचा जानेवारी

नमस्कार,

मॅडिसनचा शेतकरी बाजार थंडीत उठतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकेतल्या दुकानात बाराही महिने सगळं मिळतं, मग शेतकरी बाजार थंडीत उठला म्हणून हळहळणं हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. त्यापेक्षा भाव पडला की आपल्याकडचा शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो, त्यावर लिहा. हा दुसरा मुद्दा मनाला लागला, म्हणून सविस्तर उत्तर देते.

मिळतं, हे खरं. आज इथे विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये उणे पंधरा आहे, मेंडोटा तलावावर लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेत, आणि दुकानात लालभडक टोमॅटो आहेत. पण असे बरेचसे टोमॅटो हिरवे, टणक असतानाच तोडतात आणि इथिलीन वायूवर पिकवतात. चिरले तर ना रस सुटत, ना वास येत. कोशिंबिरीत शेवटी दाण्याच्या कुटाचीच चव लागते. पालक येतो ॲरिझोनातल्या युमाहून, अडीच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून.

उन्हाळ्यातल्या शनिवारी कॅपिटॉलच्या, म्हणजे इथल्या राज्य विधिमंडळाच्या इमारतीच्या, चौकात या, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. हा बाजार 1972 पासून भरतो. जो पिकवेल त्यानेच विकायचं, दुसऱ्याचा माल आणायचा नाही, हा तिथला नियम. गर्दी कॅपिटॉलभोवती घड्याळाच्या उलट दिशेने सरकत असते. मी थांबते ती एका ह्मोंग आजींपाशी. ह्मोंग ही लाओसमधल्या डोंगराळ भागातली जमात; तिथलं युद्ध संपल्यावर त्यांची जी कुटुंबं इथे आली, त्यांतलं त्यांचं एक. त्यांची कोथिंबीर मुळांसकट असते, मुळांना ओली माती चिकटलेली. आमची भाषा जुळत नाही. त्या एक काडी चुरगळून माझ्या नाकाशी धरतात, मी दोन जुड्या घेते. कारलीही त्यांच्याकडचीच.

नोव्हेंबरात हे सगळं चौकातून उठतं. लेखात मी ‘बाजार बंद होतो’ असं लिहिलं, ते चूक होतं. तो छपराखाली जातो आणि लहान होतो: बटाटे, बीट, गाजरं, कोबी, भोपळे. कधी पॉलिहाऊसमधला पालकही असतो, जाड, सुरकुतलेल्या पानांचा. गोठू नये म्हणून ते झाड पानांत साखर साठवतं, त्यामुळे कच्चं पानसुद्धा गोड लागतं. तो पालक लवकर जाऊन गाठावा लागतो.

आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे भोगी येते. सोलाणे, पावट्याचे दाणे, कोवळी वांगी, गाजरं, बोरं, उसाचे करवे, वर तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ती भाजी म्हणजे त्या आठवड्यात शेतात जे उभं असेल ते. इथे त्या दिवशी जमीन दगडासारखी असते. मी फ्रोझन मटार घालून करते, पोट भरतं. पण मला जे हवं असतं ते पोटासाठी नसतं. काल तोडलेलं आणि तोडणाऱ्याच्या हातून घेतलेलं, असं काही हवं असतं. याला चोचले म्हणणं मला पटत नाही.

आता रस्त्यावर ओतलेल्या टोमॅटोंबद्दल. मला तो प्रश्न याच प्रश्नाला जोडलेला दिसतो. चौकातल्या त्या आजी भाव स्वतः ठरवतात, पैसे स्वतःच्या हातात घेतात. आपल्याकडे महाराष्ट्रात 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, शेतकरी आठवडे बाजार अधिक ठिकाणी भरू लागले. तरी बहुतेकांचा माल अजून आडत्याकडेच जातो, आणि तिथे भाव सांगणारा शेतकरी नसतो. यावर मी आजवर लिहिलं नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे.

एक विनंती करते. तुमच्याकडे आत्ता टोमॅटोचे दोन भाव मला कळवा: शेतकऱ्याला जागेवर किलोला काय मिळाला, आणि तुम्ही भाजीवाल्याला काय दिला. पुढचा लेख त्या दोन आकड्यांवरच लिहिते.