तिर्री, सत्ती आणि द्रायसिश

बेळगावात माणूस घासाघीस एका भाषेत करतो आणि पैसे दुसऱ्या भाषेत मोजतो. भाजीवालीशी हुज्जत मराठीत, तिचा भाव 'ऐवत्तु', मोबाईल नंबर इंग्रजीत आणि खिशातल्या नोटा मनातल्या मनात पुन्हा मराठीत. एवढ्या आकड्यांत वावरणाऱ्याला जर्मन आकडे कसले जड, म्हणून मी टिळकवाडीतल्या क्लासला नाव घातलं. नातू तिकडेच जन्मलाय. त्याच्याशी निदान शंभरापर्यंत तरी बोलता यावं.

आकडे कुणाच्याच डोक्यात राहीनात, तेव्हा मॅडमनी पत्त्यांचा कॅट काढला. दश्श्या आणि चित्रं बाजूला. दोन पानं उलटायची, पहिलं दशकाचं, दुसरं एककाचं. आधी ओरडेल त्याची पानं. पडली बदाम तिर्री, शेजारी किल्वर सत्ती. जर्मन माणूस आधी सात म्हणतो, मग तीस: 'झीबेनउंडद्रायसिश'. आम्हा मराठी मंडळींची चंगळ, कारण आपलं सदतीसही सातानेच सुरू होतं. कन्नड मुलं 'मूवत्तेळु'वाली, त्यांचं तीस आधी. नर्सिंगसाठी निघालेली चिकोडीची पोरगी तिर्रीकडे बघत 'द्राय... द्राय...' करत राहायची, तोवर पानं आमच्या ढिगात.

ही चैन नव्वी येईपर्यंत. तिर्रीवर नव्वी पडली आणि पोस्टातून निवृत्त झालेले काका गरजले, "फीर्त्सिश!"

"काका, ते चाळीस."

"ठाऊक आहे ओ मॅडम. एकोणचाळीस. एक वजा करतोय, दम धरा की!"

2019 मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं, तेव्हा सीमेच्या अलीकडे बसून याच काकांनी चहाच्या टपरीवर आकाशपाताळ एक केलं होतं. जर्मनीतही 'त्स्वान्त्सिगआइन्स', म्हणजे वीसएक, नावाची संघटना आहे आणि तीही दशक आधी म्हणा म्हणते, असं मॅडमनी सांगितल्यावर कन्नड बाकावर टाळ्या पडल्या. काकांनी त्या बाकाकडे फितुरांकडे बघावं तसं बघितलं.

मग त्यांनी क्लासच हातात घेतला. "राजा-राणी काढून कुठे पत्ते खेळतात काय ओ?" म्हणत तीनशे चारचा डाव मांडला. गुलाम 30, नव्वी 20, एक्का 11, दश्शी 10, राजा 3, राणी 2. मॅडमची अट एकच, किती गुण करणार ती बोली जर्मनमध्ये. काकांनी रुबाबात 'हुंडर्टझेख्त्सिश' टाकलं. एकशेसाठ. पूर्ण दशकांत उलटसुलट भानगड नाही, त्यामुळे चिकोडीच्या पोरीला कंठ फुटला. 'हुंडर्टझीबत्सिश', 'हुंडर्टआख्त्सिश' करत ती थेट 'त्स्वायहुंडर्ट'वर गेली. हुकमाचा गुलाम आणि नव्वी दोन्ही तिच्याच हातात!

काकांनी आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये आक्षेप नोंदवला. पोरगी एकेक हात ओढत गुणांची बेरीज जर्मनमध्ये करत होती आणि मॅडम दुरुस्त करायचं सोडून तिच्या खांद्यावरून पानं बघत होत्या. साडेपाचची बॅच केव्हाच दारात आली होती. त्यातला एकजण काकांच्या मागे उभा राहून कुजबुजला, "काका, ती दश्शी आत्ता टाकू नका."