कुटाराखालची आरएक्स हंड्रेड

प्लॉट घेऊन झाला, पोराची ॲडमिशन झाली आणि तरीही हातात चार पैसे उरले, तर जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घ्या. शोरूममध्ये बसून चहा प्यायचा आणि किल्ली घेऊन निघायचं, हे कोणालाही जमतं. 1985 ते 1996 च्या दरम्यानची यामाहा आरएक्स हंड्रेड यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गुरांच्या कोठ्यातून, कुटाराच्या म्हणजे भुशाच्या ढिगाखालून उपसून काढायची, याला मात्र रक्तात शौक असावा लागतो.

वेळ नीट निवडा. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होऊन गेलेली असावी. कापसाचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीत मुरलेला असतो, पेरणीचं बियाणं अजून घ्यायचं असतं आणि घरात एखादं लग्नही निघालेलं असतं. आपण शौकीन आहोत, सावकार नाही. पण वेळ सावकाराचीच गाठावी.

कार फाट्यावर उभी करा आणि पायी जा. गाडी दिसेल ती अशी: सीटवर युरियाची रिकामी पोती, हँडलला बैलाचं दावं, टाकीवर कोंबडीनं केलेला उद्योग, स्पीडोमीटरच्या काचेआड कोळ्याचं जाळं. काळीज कितीही धडधडलं तरी पहिली नजर तिकडे जाऊ देऊ नका. आधी म्हशीची चौकशी करा, मग सोयाबीनच्या भावावर चार शिव्या द्या आणि अगदी उठता-उठता विचारा, "हे खटारं पडलंच आहे का काका?"

काका म्हणतील, "कायले घेता हो भाऊ? निस्ती जागा अडवते."

"पार्टसाठी पाह्यजे."

हा मंत्र पाठ करा. पार्टसाठी म्हटलं की लाखाची गाडी पंधरा हजारांवर येते. आतून काकू सांगतील की मामंजींची आठवण आहे, इकू नका. इथं वाद घालायचा नसतो. नोटा खिशातून काढून हळूहळू मोजायला लागायचं.

कागदपत्रांचं जरा जड जातं. आर.सी. मामंजींच्या नावावर असते आणि मामंजी वारलेले. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर जिवंत माणूस डोळे झाकून सही करून देतो, पण गेलेल्या माणसाची गाडी आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो. म्हणजे भाऊ आले, सुरतेला गेलेला धाकटा आला, बहिणी आल्या. बहिणींना व्यवहाराचा आकडा सांगू नये. सह्यांची जुळवाजुळव चालली असतानाच चेसिसवरचा गंज खरडून नंबर आर.सी.शी ताडून पाहा, आणि इंजिनाचाही पाहा. हंड्रेडच्या पोटात आरएक्स 135 चं इंजिन बसवलेलं निघतं. तसं निघालं तर भाव पाडा. विकताना बोलू नका.

आता गाडी टेम्पोत घालून नागपूरला न्या आणि ओरिजिनल करून आणा. रंग नवा, क्रोम नवं, सीट नवी, स्टिकर नवे, जुना फक्त नंबर. या गाडीनं पावसाळ्यात चिकट काळ्या मातीच्या पांदणीतून दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून तालुका गाठला, बाळंतपणाला अडलेली बाई मधे बसवून मध्यरात्री दवाखान्यात पोचवली. त्या सगळ्याचे ओरखडे आणि पोचे हजार-पाचशेत निघतात. त्यांच्या जागी एक वाक्य बसवायचं: सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी. विकायला निघालेली प्रत्येक जुनी टू-स्ट्रोक डॉक्टरांचीच असते. खेड्यापाड्यांत खरोखर इतके डॉक्टर होऊन गेले असते, तर रात्री-बेरात्री 108 ची वाट कोणी पाहिली असती?

आणखी वर चढायचं असेल तर राजदूत 350 आहेच. यामाहाच्या परवान्यावर एस्कॉर्ट्सनं 1983 मध्ये काढलेली, 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. ॲव्हरेज विचारून गावानं ती नाकारली, कैक तर भंगारात गेल्या. तिच्यात दोन प्रकार, हाय टॉर्क साडेतीस हॉर्सपॉवरची आणि लो टॉर्क सत्तावीसची. भेटेल त्या मालकाकडे हाय टॉर्कच असते, लो टॉर्क नेमक्या कोणी घेतल्या देव जाणे.

चालवण्याविषयी थोडक्यात सांगतो. चालवू नका. फार तर रविवारी पहाटे हायवेच्या ढाब्यापर्यंत जा, तर्री-पोहे खा, फोटो काढा आणि ऊन चढायच्या आत घरी या. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो. हवेवर थंड होणारं इंजिन, त्यात ऑइल जरा कमी पडलं की पिस्टन जाम. चिखलदऱ्याला जायची हौस असेल तर परतवाड्यापर्यंत टेम्पोत न्या, घाटाच्या पायथ्याशी उतरवा आणि वर हेल्मेट काढून दमल्यासारखे दिसा. पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची चिंता करायचीही सोय झाली आहे. ढाब्यावर तो विषय तासभर पुरतो.

सरकारच्या लेखी विंटेज व्हायला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हावी लागतात, म्हणजे 1985 ची गाडी 2035 ला. 2021 च्या नियमानं तसा खास नंबर मिळाला की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. सरकारला आपल्या मनातलं इतकं नेमकं कळल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. तुम्ही मात्र 2035 ची वाट न पाहता आजच विंटेज लिहून मोकळे व्हा.

विकताना किंमत लिहू नका, फोनवर सांगा. "मनातून विकायची नाही" हे आधी म्हणायचं, आकडा नंतर. ट्रायल मागणाऱ्याला टाकीत पेट्रोल नाही म्हणून सांगा. आणि बुटीबोरीच्या कंपनीत लागलेला एखादा पोरगा येऊन उभा राहिला, नंबरप्लेट पाहून म्हणाला, "ही आमच्या आबाजीची गाडी हाय नं?", तर त्याला बसवा, चहा पाजा, आबाजींच्या दोन गोष्टी ऐकून घ्या आणि दीड लाखाच्या खाली उतरू नका. तोही मग गाडीकडं न पाहता तुमच्या कुत्र्याची चौकशी करेल आणि उठता-उठता म्हणेल, "मले तं पार्टसाठी पाह्यजे होती."