होडी नाही, मग मच्छीमार कसली?

काल नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या बाजारात आत्याकडे शिवल्यांचा, म्हणजे चिखलातल्या शिंपल्यांचा वाटा मागितला. ती हळूच म्हणाली, "नको नेऊस बाबा, या आपल्या ठाणे खाडीच्या नाहीत. गाडीने आल्यात." जन्मभर ओहोटी बघून चिखलात उतरलेली बाई आता पहाटे दुसऱ्याचा माल विकत घेते आणि त्याचेच वाटे लावून बसते. रिक्षा आणि बर्फाचे पैसे गेले की हातात काय उरतं, ते विचारायची मला लाज वाटली.

लहानपणी मी तिच्यामागून जायचो. गुडघाभर चिखल. शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली की बोटं खुपसायची, शिवली तिथेच. मला चार मिळेपर्यंत तिची टोपली भरायची. कालवांना मात्र हात लावू द्यायची नाही. खडकावरून कालवं फोडून तिच्या अंगठ्यावर इतके व्रण आहेत, की आधारच्या मशीनवर ठसा उमटत नाही!

पाणी बिघडलं की मासा पळतो. शिवली कुठे पळणार? ती पाणी गाळूनच पोट भरते, म्हणजे कारखान्याचं, गटाराचं सगळं आधी तिच्या पोटात. वर गाळाचा थर बसला की जागीच गुदमरते. आपलं शहर याच खाडीकाठी भराव टाकून वसलं, त्यावर एकामागून एक पूल आले. आणि आता लिहितोय त्याबद्दल शिव्या पडतील, पडू देत: गाळ साचला तशी खारफुटीही पुढे सरकली आणि उघडा चिखल आटला. खारफुटी तोडा असं मी म्हणत नाही. पण खाडी हिरवी झाली म्हणून टाळ्या वाजवताना शिवल्यांची जागा गेली, हेही बघा की.

याच खाडीत फ्लेमिंगोंना 2015 मध्ये अभयारण्य मिळालं, 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा. छानच झालं. वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात 2021 मध्ये हायकोर्टाने मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण आखायला सांगितलं. 2025 मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जाही मिळाला. यातलं आत्यापर्यंत काय पोचलं? एका कार्यालयात मीच तिचा फॉर्म भरायला गेलो होतो. बोटीचा नंबर? नाही. मच्छीमार संस्थेचं सभासदत्व? ते काकांच्या नावावर होतं, काका गेले. "मग तुम्ही मच्छीमार कशा?"

आत्या म्हणाली, "चिखलात काय होडी घालू?"

सगळं बोटीवरून मोजायचं ठरलं की डिझेलचा परतावा, भरपाई, सगळं बोटवाल्याला. हाताने वेचणारी बाई कागदावर नाहीच, म्हणून तिचं नुकसानही नाही. माझं म्हणणं साधं आहे. अमावास्येला पाणी लांबवर ओसरतं, तेव्हा सर्व्हेवाल्यांनी काठावर उभं राहून बायका मोजाव्यात. मात्र लवकर यावं. गेल्या अमावास्येला आत्या धरून तिघीच उतरल्या होत्या.