किर्शनरचे भडक रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. तुमचे आक्षेप दोन. एक, जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरची चित्रं म्हणजे भडक रंग आणि कच्चं ड्रॉइंग. दोन, मला त्यांत जी घालमेल जाणवते ती चित्रांत नाहीच. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मनानं खचला, १९३८ साली त्यानं आत्महत्या केली, हे ठाऊक असल्यामुळे मी ती चित्रांवर लादते.

ड्रॉइंगचं आधी सांगते. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये ज्या चौघांनी 'ब्रुके' हा चित्रकारांचा गट काढला, ते चौघेही वास्तुकलेचे विद्यार्थी होते आणि किर्शनरनं तर त्याच वर्षी पदवीही घेतली. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर अंतर आणि खोली दाखवण्याचं तंत्र, त्याला येत होतं. त्यानं ते मुद्दाम मोडलं.

दुसऱ्या आक्षेपात दम आहे. १९१५च्या 'सैनिकाच्या वेशातील आत्मचित्रा'त उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. हे कळल्यावर चित्र वेगळं दिसतं, हे मला मान्य. पण 'रस्ता, ड्रेस्डेन' पाहा. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातलं हे चित्र दीड मीटर उंच आणि दोन मीटर रुंद आहे, म्हणजे त्यातल्या बायका जवळजवळ आपल्याएवढ्या. रस्ता गुलाबी, आणि इतका चढा की त्यावरची माणसं आपल्या अंगावर येतात. मागची वाट ट्रामनं अडवलेली. चेहऱ्यांवर हिरवा आणि नारिंगी. मधोमध एक लहान मुलगी, टोपीखाली जवळजवळ गडप झालेली. तिच्याकडे कुणाचंही लक्ष नाही. लालसर रंगाला तितक्याच उजळपणाचा हिरवा खेटून लावला की दोघांमधली कड डोळ्याला स्थिर दिसत नाही, थरथरते. ही बेचैनी अनुभवायला चित्रकाराचं चरित्र लागत नाही, नुसते डोळे पुरतात.

आणि आता तारखा बघा. हे चित्र १९०८चं, पण १९१९मध्ये त्यानं त्यावर पुन्हा काम केलं. तोवर तो प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या डोंगरांत राहायला गेला होता. त्याच १९१९ साली त्यानं तिथल्या चांदण्यातल्या हिवाळ्याचं निसर्गचित्र केलं. डोंगर निळे, झाडं लालसर, वर पिवळा चंद्र. रंग तितकेच भडक, निसर्गाशी तितकेच फटकून. तरी त्या चित्रासमोर श्वास संथ होतो, निदान माझा तरी. माणूस तोच, वर्ष तेच, आजारपणही तेच. चरित्रच बोलत असतं तर दोन्ही चित्रं एकाच सुरात बोलली असती. फरक पडला तो कुठला रंग कुणाच्या शेजारी बसवला आणि डोळ्याला विसावायला जागा ठेवली की नाही, यामुळे.

भडकपणा म्हणजे भावना नव्हे, हे तुमचं म्हणणं मी बिनशर्त मान्य करते. नुसत्या आरडाओरड्याची चित्रं एक्स्प्रेशनिस्टांत, म्हणजे दिसतं तसं न रंगवता मनातली भावना रंगरेषांतून मांडणाऱ्या किर्शनरसारख्या चित्रकारांतही, खूप आहेत. म्हणूनच किर्शनरला त्या गर्दीत ढकललेलं मला सहन होत नाही.

एक करून बघाल? 'रस्ता, ड्रेस्डेन' मोठ्या स्क्रीनवर उघडा, मग कृष्णधवल करा, आणि त्या मुलीचं काय होतं ते पाहा. नंतर पुन्हा रंगीत करा. तुम्हाला काय दिसलं ते जरूर लिहा, पटलं नाही तरीही.