अधिवेशनाला जायचं कोणी?

बेळगावकडच्या आमच्या तालुक्यातल्या एका मराठी वाचनालयाच्या कमिटीत सध्या वाद पेटलाय. ग्रंथपाल बाईंनी महाराष्ट्रातल्या ग्रंथालय अधिवेशनाला जायची परवानगी मागितली. कमिटीचं म्हणणं, जायचंच तर अध्यक्ष नि कार्यवाह जातील. बाई गेल्या तर देवघेव कोण बघणार? दुसरा गट म्हणतो, राहायचं कर्नाटकात, मग महाराष्ट्रात जाऊन काय मिळणार, बेंगळुरूकडं काही असेल तर बघा. आणि तिसऱ्याचं मत, कुठंही गेलं तरी हार, भाषणं, ठराव आणि जेवण, एवढंच. हे सगळं भावानं फोनवर ऐकवलं आणि वर विचारलं, "तू लायब्ररीतच आहेस न्हवं? तुमच्यात कोण जातंय?"

आमच्यात मी जाते. कॅनडात, ऑंटारिओतल्या एका लहान गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी काउंटरवर असते. जानेवारी सरता सरता टोरांटोत ऑंटारिओ लायब्ररी असोसिएशनची परिषद भरते. तिचं नावच सुपर कॉन्फरन्स. तिथं काउंटरवरचे, मुलांच्या विभागातले, शाळांतले, विद्यापीठांतले असे सगळे येतात. आमची फी ग्रंथालय भरतं, तो दिवस कामाचा धरतात आणि माझ्या जागी त्या दिवशी दुसरं कुणीतरी बसतं. विश्वस्त मंडळाचे लोकही येतात, पण त्यांची सत्रं वेगळी असतात. विश्वस्तानं काय बघायचं आणि कर्मचाऱ्यानं काय, हे दोन वेगळे विषय आहेत, एवढं तिथं सगळ्यांना मान्य आहे.

एका सत्रात उत्तरेकडच्या छोट्या गावातली एक बाई बोलायला उभी राहिली. विषय अगदी रुक्ष: पुस्तकं निर्लेखित कशी करायची, म्हणजे जुनी, निकामी पुस्तकं नोंदीतून कशी काढून टाकायची. तिनं आपल्याच कपाटाचे फोटो दाखवले. जुने प्रवासवर्णनाचे खंड, कालबाह्य झालेली औषधांची माहिती, एकाच कादंबरीच्या चार प्रती. कुठलं पुस्तक किती वर्षं बाहेर गेलं नाही ते कसं बघितलं, मंडळाला कसं पटवलं, काढलेली पुस्तकं बघून गावकरी भडकू नयेत म्हणून काय केलं, हे ती सांगत गेली. ऐकणारे खाली मान घालून लिहून घेत होते. मला आठवत होत्या आमच्याकडच्या दाखल नोंदवह्या, आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या. साठा पडताळणीत एखादं पुस्तक कमी भरलं तर आपल्या पगारातून कापतील, ही धास्ती तिकडच्या कितीतरी ग्रंथपालांना असते. मग पुस्तक कुलपात ठेवणं हाच सगळ्यात सुरक्षित उपाय ठरतो. वाळवी लागली तरी चालेल, क्रमांक जुळला पाहिजे. या धास्तीवर बोलायला अध्यक्षांना व्यासपीठावर बसवून काय उपयोग? ती त्यांची धास्तीच नव्हे.

आता टोरांटोतलं सगळं गोड असंही नाही. फी एवढी की लहान ग्रंथालयाला एकाच माणसाला पाठवणं परवडतं. निम्मी जागा सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या टेबलांनी अडवलेली असते, आणि फुकटच्या पिशव्या गोळा करायला माणसं किती चपळाईनं फिरतात ते बघण्यासारखं असतं. काही सत्रांची नावं भारदस्त, आत मात्र पाणी. शिवाय त्या एवढ्या मोठ्या इमारतीत वाचक औषधालाही सापडत नाही. आमच्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत ग्रंथदिंडी निघते, सगळा गाव मांडवात येतो, शेतातनं आलेला माणूस पुस्तकांच्या स्टॉलवर घटकाभर थांबतो. बाहेरच्या पाहुण्यांना सीमेवर अडवल्याच्या बातम्या येतात, तरी संमेलनं होतात. तशी दिंडी मी टोरांटोत बघितलेली नाही. पण संमेलन हे साहित्याचं, वाचकांचं. ग्रंथपालानं आपल्या कामाचं बोलायचं कुठं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आणि सीमाभागात तो आणखी अडतो. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा 1965 चा. घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो, त्यावर सरकारी वाचनालयं चालतात. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. तिथं असा उपकर नाही. नोंदणीकृत संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे देऊन सरकार अनुदान देतं. आमची मराठी वाचनालयं संस्थेची, म्हणजे वळण महाराष्ट्राचं आणि राज्य कर्नाटक. महाराष्ट्रातल्या अधिवेशनात चर्चा दर्जावाढीची आणि परिरक्षण अनुदानाची, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणाऱ्या पैशाची, ते आम्हाला लागू नाही. कर्नाटकातल्या बैठकीत चर्चा सरकारी ग्रंथालय खात्याच्या नेमणुकांची, तेही आमचं नाही. खानापूरचा मराठी माणूस उपकर मात्र गुपचूप भरतो. तेव्हा "जाऊन होतं काय" म्हणणारा तिसरा गट अगदीच चूक नाही. दोन्हीकडे आपण पाहुणेच.

म्हणून माझं मत कमिटीच्या तिन्ही गटांना आवडणार नाही. बाईंना दोन्हीकडे पाठवा, पण तेवढ्यावर भागणार नाही. बेळगावात आपलीच एक बैठक घ्या, आणि तिला कन्नड वाचनालयातल्या लोकांनाही बोलवा.

हे म्हटल्यावर भाऊ गप्पच झाला. कन्नड ग्रंथपालांबरोबर बसायचं म्हणजे सीमाप्रश्नावरची भूमिका सोडली, असं काहींना वाटणार हे मलाही कळतं. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं चालू दे. पुस्तकाची शिवण उसवली तर काय करायचं, हे त्या निकालावर अवलंबून नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्य 891.46 आणि कन्नड साहित्य 894.814. मधे रशियन, अरबी, तुर्की सगळे येऊन जातात. गावातल्या दोन वाचनालयांतलं अंतर त्याहून जास्त नसावं.

आणि बेळगावला हे नवीनही नाही. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेव्हाच बेळगावात अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदही भरली होती. अध्यक्ष होते देशबंधू चित्तरंजन दास. तिथून प्रेरणा घेऊन परतलेल्या बंगाल्यांनी पुढच्याच वर्षी आपल्या प्रांताचा ग्रंथालय संघ उभा केला, आणि रवींद्रनाथांना त्याचं अध्यक्ष केलं. 2024 च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीला बेळगावात रोषणाई झाली. ग्रंथालय परिषदेच्या शताब्दीचा उल्लेख मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हता. ज्या गावानं बंगालला संघ काढायला लावला, त्या गावात आज ग्रंथपालांना एकत्र बसायला निमित्त नाही.

पहिल्या बैठकीला फार काही नको. एखाद्या वाचनालयाचा हॉल, सतरंज्या, चहा. विषय तीनच ठेवा: निर्लेखनाचा ठराव कसा लिहायचा, भिजलेली पुस्तकं कशी वाळवायची, आणि दहावीनंतर मुलं वाचनालयाकडं का फिरकत नाहीत. हार-तुरे नकोत. कमिटीवाल्यांनी यावं, पण मागं बसावं. तारीख 1 नोव्हेंबरच्या आसपास नको, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन आणि कर्नाटकाचा राज्योत्सव दोन्ही टळतील. सुगीतही नको, माणसं मिळत नाहीत. बाईंच्या जागी त्या दिवशी देवघेवीला कार्यवाहांना बसवा. भावाला म्हटलं, त्यांना रजिस्टर भरता येत नसेल तर आदल्या दिवशी बाईच शिकवतील.