छातीवर कुणीतरी बसलंय

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आलं, मागच्या विंगमधला मुलगा गेला. मुलगा म्हणायचं, चाळिशी कधीच उलटली होती. स्किझोफ्रेनिया होता. झोपेतच गेला म्हणे. खाली रांगेने मेसेज, "सुटला बिचारा", "आईवडीलही सुटले", हात जोडलेले. नेमकं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. याच वयाचा एखादा बँकवाला असा गेला असता तर एव्हाना अर्धी बिल्डिंग ईसीजी काढायला पळाली असती.

माझा मामा असाच गेला. आजारही हाच. गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे आवाज थांबले होते, हे आधीच सांगते, नाहीतर हे वाचून कुणीतरी घरच्या माणसाच्या गोळ्या बंद करायचं. पण त्याच्या गोळीने, ओलान्झापिनने, भूक खवळते, वजन चढतं, साखर वाढू शकते. आजी त्याच्या लेंग्यांच्या कंबरा उसवून पट्ट्या जोडत बसायची. रात्री उठून तांबेच्या तांबे पाणी प्यायचा. मोरीत मुंग्या लागायच्या. घरचे म्हणायचे, त्याची लहर आहे. आणि ओपीडीत दर खेपेला, "झोप लागते? आवाज येतात?" की चिठ्ठी पुढे. वजनकाटा तिथेच कोपऱ्यात पडलेला असायचा हो!

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी मरतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मी नाही. लोकांना वाटतं आत्महत्येने. तीही आहेच, पण बहुतेक जण जातात ते हार्ट, डायबेटिस, फुप्फुसांचे विकार यांनी, म्हणजे वेळेवर सापडले तर ज्यांवर उपाय आहेत त्यांनी. मामा विड्या ओढायचा, तेही मान्य.

त्या रात्री तो म्हणाला, "छातीवर कुणीतरी बसलंय." कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी फाइल उघडली, गोळ्यांची नावं वाचली आणि विचारलं, "कोण बसलंय? दिसतं का तुम्हाला?" मामा सरळ माणूस. "दिसत नाही, पण जड आहे," म्हणाला. झोपेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे गेला.

तुमच्या वडिलांनी हेच वाक्य उच्चारलं असतं तर? त्यांना कुणी विचारलं असतं, कोण बसलंय म्हणून?

रात्रपाळीला एक पोरसवदा डॉक्टर आणि समोर ही गर्दी, माहितेय मला. तरीही. ईसीजीला पाच-दहा मिनिटं लागतात.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की सगळ्याच आरोग्यसेवेत मनोरुग्णाला शरीराच्या रुग्णाच्या बरोबरीने वागवायचं. सगळ्याच म्हणजे कॅज्युअल्टीतही ना? की तिथे फाइल बघून ठरतं?

दुपारी त्या काकूंकडे जाऊन आले. "दोन दिवस पित्त झालंय म्हणत होता गं, मी आपलं थंड दूध देत होते," एवढंच त्या परत परत सांगत होत्या. त्यांना काय बोलणार? पित्तच असेलही, कोण जाणे. ज्यांच्या हातात मशीन होतं, त्यांनी माझ्या मामाचा ईसीजी काढला नाही, या तर आई आहेत.

घरात कुणी या गोळ्यांवर असेल तर पुढच्या ओपीडीला वजन, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल मागून घ्या. डॉक्टर चिडले तर चिडू देत. माझा मावसभाऊ त्याच गोळीवर आहे. गेल्या आठवड्यात त्याला हाताला धरून लॅबमध्ये नेलं. उपाशीपोटी साखर 168. आता त्याचे डॉक्टर गोळी बदलायचं बघताहेत. मावशी माझ्यावर वैतागली आहे, "त्याच्या मागे आणखी एक आजार लावलास" म्हणते.